आतड्याचा बायपास आणि उपाशी यकृत

वजन उतरवण्यासाठी आतड्याचा किंवा जठराचा बायपास केलेल्या रुग्णांबद्दलची तीन पत्रं या वेळी निवडली आहेत. पहिलं पत्र तातडीचं होतं, म्हणून त्या घरी मी आधीच फोन केला. तरीही उत्तर इथे सविस्तर देते, कारण असे रुग्ण माझ्या ओपीडीत आता वारंवार येतात, आणि जवळजवळ प्रत्येकाच्या पिशवीत डब्यांची रांग असते.

प्रश्न : माझी धाकटी बहीण ३८ वर्षांची आहे. दीड वर्षापूर्वी तिचं मिनी गॅस्ट्रिक बायपास झालं. तेव्हा वजन ११८ किलो होतं, डायबेटीस होता. आता वजन ५४ किलो आहे आणि शुगर गोळीशिवाय नॉर्मल येते, त्यामुळे घरात सगळे आनंदात होतो. पण दोन महिन्यांपासून तिच्या पायांवर सूज आहे, केस मुठीने गळतात, दिवसातून सहा-सात वेळा तेलकट, घाण वासाची शौचाला होते. रिपोर्टमध्ये अल्ब्युमिन २.३, यकृताची एन्झाइम एसजीओटी १०४ आणि एसजीपीटी ९२ आली आणि सोनोग्राफीत फॅटी लिव्हर ग्रेड २. आम्ही शाकाहारी, अंडंही चालत नाही. ती सकाळी दुधातून प्रोटीन पावडरचा एक चमचा घेते. शिवाय केसांसाठी बायोटिन, ताकदीसाठी अश्वगंधा, प्रतिकारशक्तीसाठी गुळवेलीच्या गोळ्या, वजन परत चढू नये म्हणून ग्रीन टीची कॅप्सूल आणि आता लिव्हर टॉनिक. ऑपरेशनच्या वेळी लिहून दिलेल्या मल्टिव्हिटॅमिन आणि कॅल्शियमच्या गोळ्या महाग पडतात म्हणून वर्षभरापूर्वी बंद केल्या. लिव्हरवर अजून चरबी आहे, म्हणजे वजन आणखी उतरवायला हवं का?
— व. पा., सांगली

उत्तर : नाही ताई, अजिबात नाही. तुमच्या बहिणीच्या यकृतावरची ही चरबी जुन्या लठ्ठपणाची राहिलेली नसणार. सूज, केस, उतरलेलं अल्ब्युमिन (यकृत बनवतं ते रक्तातलं प्रथिन) आणि शौचाचं तुम्ही केलेलं वर्णन हे सगळं एकत्र ठेवलं की दिसते ती उपासमार, आणि तीही मुख्यतः प्रथिनांची. तिला याच आठवड्यात ऑपरेशन केलेल्या सर्जनकडे किंवा पोटविकारतज्ज्ञाकडे न्या. भरती व्हायला सांगितलं तर व्हा.

यकृतात चरबी सतत तयार होते आणि सतत बाहेरही पाठवली जाते. बाहेर पाठवण्यासाठी ती एका विशिष्ट प्रथिनात बांधावी लागते. ते प्रथिन बनवायला कच्चा मालच नसेल तर चरबी आतच साठत जाते. तुमच्या सांगलीच्या मार्केट यार्डात हळद येऊन पडली आणि भरायला पोतीच नाहीत, तर गोदाम तुंबणारच. मेळघाटातल्या कुपोषित बालकांबद्दल आपण वर्षानुवर्षं वाचतो. प्रथिनांच्या कुपोषणाने अंगावर सूज आलेल्या मुलांचं यकृतसुद्धा असंच चरबीने भरलेलं असतं. मूल हाडकुळं, पाय सुजलेले आणि यकृत तुपकट. पुण्या-मुंबईत लाखो रुपये खर्चून ऑपरेशन केलेल्या बाईच्या पोटात तेच घडू शकतं हे लोकांना पटत नाही. डॉक्टरांनाही ते लगेच सुचत नाही, कारण ग्रेड २ फॅटी लिव्हर म्हटलं की ‘वजन कमी करा’ हे वाक्य आपोआप लिहिलं जातं.

आता हे का झालं असावं. मिनी बायपासमध्ये जठराची लांबट नळी करून ती लहान आतड्याला बरीच पुढे जोडतात. जोडाच्या आधीचं आतडं अन्नाला दिसतच नाही, त्यातून फक्त पित्त आणि स्वादुपिंडाचा रस वाहतो. किती आतडं असं वगळायचं हे सर्जन ठरवतो. पूर्वी सर्रास २०० सेंटिमीटर वगळत, वजन फार असेल तर २५० किंवा त्याहूनही जास्त. पण आतड्याची एकूण लांबी माणसागणिक बदलते, कुणाचं चार मीटर भरतं तर कुणाचं सात-आठ. चार मीटरवालीचं अडीच मीटर वगळलं तर अन्न पचवायला उरलं दीडच मीटर. म्हणून आता अनुभवी सर्जन १५० ते २०० सेंटिमीटरच्या पुढे सहसा जात नाहीत, आणि अनेकजण आधी संपूर्ण आतडं मोजून पुढे किती उरेल ते पाहतात. बहिणीच्या ऑपरेशनचा कागद, म्हणजे डिस्चार्ज कार्ड नव्हे तर ऑपरेशन नोट, मागून घ्या. तो तुमचा हक्क आहे. त्यात ‘बीपी लिंब’, म्हणजे हा वगळलेला भाग, किती सेंटिमीटर ठेवला हे लिहिलेलं असतं. पुढचे सगळे निर्णय त्या एका आकड्याभोवती फिरतील. तेलकट शौच म्हणजे चरबी पचत नाही, आणि चरबी पचत नाही तिथे अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वंही निसटत असतात.

दुसरी एक शक्यता डॉक्टर तपासतील. वगळलेल्या किंवा मंद चालणाऱ्या आतड्यात जंतूंची बेसुमार वाढ होते. त्यांची विषारी द्रव्यं रक्तातून थेट यकृतात पोचतात, कारण आतड्यातलं सगळं रक्त आधी यकृतातूनच जातं. अशा वेळी अँटिबायोटिकच्या कोर्सने पोटाची फुगी आणि शौच दोन्ही सुधारतात.

तिच्या चमच्याचा हिशेब करू. बायपासनंतर दिवसाला किमान ६० ग्रॅम प्रथिनं लागतात आणि आतड्यातून इतकं निसटत असेल तर ८०-९० ग्रॅमही लागतील. तुम्ही डब्यावर उलट बाजूला छापलेला तक्ता पाहा. पौष्टिक पेय म्हणून विकल्या जाणाऱ्या कित्येक पावडरींच्या एका चमच्यात तीन-चार ग्रॅमच प्रथिनं असतात, बाकी साखर आणि माल्ट. व्हे प्रोटीनचा एक मोठा स्कूप म्हणजे २० ते २५ ग्रॅम. दोन्ही डब्यांवर मोठ्या अक्षरात ‘प्रोटीन’च लिहिलेलं असतं, म्हणून नेहमी मागचा आकडा वाचा. आपल्या घरच्या जेवणात वाटीभर पातळ वरणाला लोक ‘डाळ खाल्ली’ म्हणतात. त्यात डाळ असते मूठभराहून कमी, प्रथिनं चार-पाच ग्रॅम. भाकरीत तीन, पोह्यांच्या बशीत तीन-चार. लहान झालेल्या जठरात जागा किती असते, आणि ती अशी भातावरच्या वरणाने भरून गेली की दिवस वीस ग्रॅमवर संपतो. शाकाहारी राहूनही ६० ग्रॅम जमतात, पण त्यासाठी घास मोजून वापरावा लागतो. १०० ग्रॅम पनीरमध्ये साधारण १८ ग्रॅम, ३० ग्रॅम सुक्या सोयाबीन वड्यांत १५ ग्रॅम, पेलाभर दुधात सहा-सात. ज्यांना दूध सोसत नाही त्यांना चक्का बरा पडतो. पिठलं घट्ट करा. जेवताना आधी पनीर, सोया किंवा उसळ आणि जागा उरली तर भाकरी. अंड्याचा आग्रह मी धरणार नाही. तुमच्या घरी चालत नाही म्हणजे नाही.

मात्र हे वाचून आजच तिला भरभरून खायला घालू नका. इतक्या कुपोषित शरीराला अचानक पूर्ण खुराक दिला तर रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम झपाट्याने घसरतं आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. ग्लुकोजची बाटली लावायची असेल तर तिच्याआधी थायमिन, म्हणजे बी-१, द्यायला हवं. तिला उलट्या होत असतील तर तसं डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा. थायमिनच्या अभावी मेंदूला होणारी इजा काही दिवसांत कायमची होऊ शकते, आणि ‘बायपासची रुग्ण आहे, उलट्या होतात’ हे ऐकून तालुक्याचा डॉक्टरसुद्धा ते इंजेक्शन देऊ शकतो. औषध साधं आणि स्वस्त आहे.

अल्ब्युमिनच्या महागड्या बाटल्या चढवण्याबद्दल तुम्ही फोनवर विचारलंत. कधीकधी त्यांची गरज असते, पण ते अन्न नव्हे. बाटलीने रिपोर्टचा आकडा चार दिवस चढतो आणि उपासमार तशीच राहते. शरीराने स्वतः बनवलेलं अल्ब्युमिन सावकाश वाढतं, त्याचं अर्धायुष्यच सुमारे वीस दिवसांचं आहे. म्हणून आठवड्याने पुन्हा रिपोर्ट काढून निराश होऊ नका. नळीवाटे आहार, स्वादुपिंडाच्या पाचकद्रव्यांच्या कॅप्सूल आणि एवढ्यानेही भागलं नाही तर आतड्याचा जोड पुढे-मागे करणारं किंवा मूळ रचना परत आणणारं दुसरं ऑपरेशन, असा क्रम असतो. दुसऱ्या ऑपरेशनला लोक घाबरतात, वजन परत वाढेल म्हणून तर फारच. पण यकृत निकामी होईपर्यंत थांबलं तर ते ऑपरेशन करता येण्यासारखी परिस्थितीच उरत नाही. सर्जनने हा विषय काढला तर तो ऐकून घ्या, आणि त्याने नाही काढला तर तुम्ही काढा.

आता त्या डब्यांकडे येते. गुळवेल, अश्वगंधा, ग्रीन टीची कॅप्सूल आणि लिव्हर टॉनिक, चारही आज बंद करा. कोरोनाच्या काळात घरोघर गुळवेलीचे काढे सुरू झाले आणि त्यानंतर २०२१ मध्ये मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतलेल्या रुग्णांमधल्या यकृताच्या इजेची नोंद वैद्यकीय नियतकालिकात केली. आयुष मंत्रालयाने त्यावर हरकत घेतली, की ती वनस्पती गुळवेलच होती की तिच्यासारखी दिसणारी दुसरी, हे तपासलं गेलेलं नाही. माझ्यापुढे बसलेल्या रुग्णासाठी दोन्ही म्हणण्यांचा अर्थ एकच निघतो : डबीत नेमकं काय आहे ते तिला ठाऊक नाही. अश्वगंधेमुळे कावीळ झाल्याच्या नोंदी आइसलँडपासून भारतापर्यंत आहेत. ग्रीन टीचा कपभर चहा वेगळा आणि अर्क आटवून केलेली कॅप्सूल वेगळी. दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त ईजीसीजी, म्हणजे या अर्कातला मुख्य घटक, पोटात गेल्यास यकृताची एन्झाइम वाढू शकतात, असं युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ मध्ये सांगितलं. धडधाकट माणसाला यातलं बरंचसं पचून जाईल. तिच्या यकृताला नाही, कारण विषारी द्रव्यांचा निचरा करणारी ग्लुटाथायोनसारखी साधनंही प्रथिनांच्या घटकांपासूनच बनतात. याच कारणाने तिला ताप आला तर पॅरासिटॅमॉलसुद्धा डॉक्टरांना विचारून, कमी मात्रेत.

बायोटिनने यकृताला काही होणार नाही. पण रक्त तपासायच्या दोन-तीन दिवस आधी ते थांबवा, मोठ्या मात्रेत घेतलं तर थायरॉइडसारख्या काही तपासण्यांचे आकडे चुकतात. केस बायोटिनने थांबणारही नाहीत. ते प्रथिनं, लोह आणि झिंक मागत आहेत.

ज्या गोळ्या महाग म्हणून बंद केल्या, त्याच खऱ्या हव्या होत्या. मला याचं फार वाईट वाटतं. ताकदीच्या चार डब्यांचा महिन्याचा खर्च तुम्ही फोनवर सांगितलात, त्या पैशांत मल्टिव्हिटॅमिन, कॅल्शियम, लोह आणि बी-१२ आरामात बसलं असतं. कुटुंबाचा दोष नाही यात. ऑपरेशनच्या आधी समुपदेशनात ‘जन्मभर’ हा शब्द कुणीतरी ठासून सांगायला हवा होता.

तपासण्यांत एक गोष्ट आवर्जून मागा. पीटी-आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला लागणाऱ्या वेळेचा आकडा. तो वाढलेला आला तर लगेच ‘लिव्हर गेलं’ असं समजू नका. के जीवनसत्त्व शोषलं गेलं नाही तरी तो वाढतो. शिरेतून के दिल्यावर दुसऱ्या दिवशी आकडा उतरला तर यकृताचं काम शाबूत आहे असा चांगला संकेत मिळतो. नाही उतरला तर काळजी वाढते. डोळे पिवळे होणं, गुंगी, बोलण्यात असंबद्धपणा, पोटात पाणी, काळी शौच, यांतलं काहीही दिसलं तर अपॉइंटमेंटची वाट पाहू नका.

प्रश्न : माझं चार वर्षांपूर्वी बायपास झालं. वय ५१, वजन स्थिर. लोह, कॅल्शियम, मल्टिव्हिटॅमिन, थायरॉइडची गोळी सगळं न चुकता सकाळी एकदमच चहाबरोबर घेतो. तरी हिमोग्लोबिन ८.९. महिन्यातून दोन-तीनदा मित्रांबरोबर बसणं होतं, पूर्वीपेक्षा खूप कमी घेतो. एसजीपीटी जरा वाढलेलं आहे.
— सो. जा., ठाणे

उत्तर : गोळ्या चुकत नाहीत, वेळ चुकते. थायरॉइडची गोळी उठल्या-उठल्या नुसत्या पाण्याने, त्यानंतर तासभर चहाही नको. लोह आणि कॅल्शियम एकमेकांना आत जाऊ देत नाहीत, त्यांच्यात किमान दोन तासांचं अंतर हवं. दोघांनाही थायरॉइडच्या गोळीपासून चार तास लांब ठेवा. चहा लोहाचा शत्रू आहे, म्हणून लोह दुपारी लिंबूपाण्याबरोबर घेऊन पाहा. कॅल्शियम सायट्रेट प्रकारचं घ्या, कारण कार्बोनेटला जठरातलं आम्ल लागतं आणि तुमच्या छोट्या जठरात ते कमी आहे. एका वेळी ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको, दिवसाला एकूण १२०० ते १५०० भरले पाहिजेत. तरीही हिमोग्लोबिन चढलं नाही तर शिरेतून लोह घ्यावं लागेल आणि त्यात कमीपणा नाही, तुमचं लोह शोषणारं आतडंच वगळलेलं आहे. पण ५१ व्या वर्षी पुरुषाचं हिमोग्लोबिन ८.९ म्हणजे कुठून रक्त जात नाही ना, हे दुर्बिणीतून बघायलाच हवं. जोडाच्या जागी अल्सर होतात, तंबाखू खात असाल तर जास्तच.

दारूबद्दल : बायपासनंतर ती जठरात थांबत नाही. रक्तातली पातळी झर्रकन आणि पूर्वीपेक्षा जास्त उंच जाते. ‘खूप कमी घेतो’ हे पेल्याच्या मापाने खरं असेल, यकृताच्या मापाने नाही. माझा सल्ला पूर्ण बंद करण्याचा आहे.

प्रश्न : मी लग्नानंतर मिनेसोटात स्थायिक झाले. माझ्या अमेरिकन सासूबाई ऐंशीच्या घरात आहेत. १९७० च्या दशकात, तरुणपणी, त्यांचं वजन उतरवण्यासाठी आतड्याचं बायपास झालं होतं. मुतखडे त्यांना पूर्वीपासून होतात, संध्याकाळी कमी दिसतं. आता फायब्रोस्कॅनमध्ये, म्हणजे यकृताचा कडकपणा मोजणाऱ्या तपासणीत, यकृतावर व्रण (फायब्रोसिस) असल्याचं निघालं. त्या रोज १००० मिलिग्रॅम व्हिटॅमिन सी आणि दुकानातून आणलेलं भरपूर मात्रेचं व्हिटॅमिन ए घेतात. मी दिवाळीत पुण्याला येणार आहे, तेव्हा त्यांच्यासाठी आपलं एखादं आयुर्वेदिक लिव्हर टॉनिक न्यावं का?
— मी. अ., मिनियापोलिस

उत्तर : टॉनिक नेऊ नका. त्याऐवजी त्यांच्या दोन बाटल्यांबद्दल त्यांच्या डॉक्टरांशी बोला.

सासूबाईंचं ऑपरेशन आजच्या बायपासहून फार वेगळं होतं. तुम्ही राहता तिथेच, मिनेसोटा विद्यापीठातले क्रेमेन आणि लिनर यांनी १९५४ मध्ये लहान आतड्याच्या बायपासवरचं काम प्रसिद्ध केलं. पुढे लॉस एंजेलिसच्या पेन आणि डीविंड यांनी वरच्या आतड्याचे १४ इंच आणि शेवटच्या आतड्याचे ४ इंच जोडण्याची पद्धत रूढ केली. म्हणजे पाच-सहा मीटर आतड्यापैकी अन्नाच्या वाट्याला जेमतेम ४५ सेंटिमीटर! जठर मात्र तसंच ठेवलेलं. माणसं पोटभर जेवत आणि तरी वजन उतरे. पण जुलाब, सांधेदुखी, मुतखडे आणि यकृत निकामी होणं यांमुळे १९८० च्या सुमारास हे ऑपरेशन मागे पडलं. १९७० च्या दशकातच अमेरिकी डॉक्टरांच्या लक्षात आलं होतं, की या रुग्णांचं यकृत प्रथिनांनी उपाशी असलेल्या मुलांच्या यकृतासारखं दिसतं. काहींना त्यांनी अमिनो आम्लं दिली, वगळलेल्या आतड्यातल्या जंतूंवर अँटिबायोटिक दिलं, आणि बऱ्याच जणांचं आतडं पुन्हा पूर्ववत जोडावं लागलं. सांगलीच्या पत्राला जे उत्तर दिलं, ते ज्ञान या रुग्णांनी फार मोठी किंमत देऊन आपल्याला दिलेलं आहे. सासूबाई इतकी वर्षं टिकल्या याचं मला मनापासून कौतुक वाटतं.

मुतखड्याचं कारण असं. आतड्यातलं कॅल्शियम एरवी अन्नातल्या ऑक्सलेटला पकडून शौचावाटे बाहेर नेतं. या ऑपरेशननंतर न पचलेली चरबी कॅल्शियमला अडकवून ठेवते, मोकळं राहिलेलं ऑक्सलेट रक्तात जातं आणि मूत्रपिंडात खडे बनवतं. जास्तीच्या व्हिटॅमिन सीचंही शरीरात ऑक्सलेटच होतं. म्हणून ती १००० मिलिग्रॅमची गोळी त्यांच्यासाठी चुकीची आहे. जेवणासोबत कॅल्शियम सायट्रेट, भरपूर पाणी, पालक, बीट आणि सुकामेवा कमी, तेलकट कमी. क्रिएटिनिन तपासलेलं नसेल तर तपासून घ्या. हेच ऑक्सलेट मूत्रपिंडात हळूहळू साचून ती निकामीही करतं.

संध्याकाळी कमी दिसणं हे अ जीवनसत्त्वाच्या अभावाचं लक्षण असू शकतं, त्यामुळे त्यांनी ते सुरू केलं यात तर्क आहे. पण रोजच्या गरजेच्या दहापट किंवा अधिक मात्रा वर्षानुवर्षं घेतली तर याच जीवनसत्त्वाने यकृतावर व्रण येतात. त्यांना कमतरता आहे की जास्ती, हे रक्ताची पातळी पाहून ठरवू द्या. त्यात एक गुंता आहे : ते जीवनसत्त्व यकृतातून रक्तात आणणारं प्रथिनही यकृतच बनवतं, आणि त्याला झिंक लागतं. प्रथिनं किंवा झिंक कमी असेल तर साठा असूनही रक्तातला आकडा कमी दिसतो आणि मग मात्रा आणखी वाढवली जाते. म्हणून झिंक आणि अल्ब्युमिन त्याच दिवशी मागा. झिंक सुरू केलंच तर सोबत तांबंही हवं, नाहीतर काही महिन्यांत तांब्याच्या अभावाने हातापायांत मुंग्या येतात आणि चालणं डळमळतं. मोतीबिंदूही बघून घ्या, या वयात तेही कारण असू शकतं.

आजच्या तरुण डॉक्टरांनी हे ऑपरेशन प्रत्यक्ष पाहिलेलं नसतं. ‘गॅस्ट्रिक बायपास’ असं चुकीचं लिहिलं गेलं की पुढचे सगळे त्याच समजुतीने उपचार करतात. जुने कागद मिळाले तर फारच उत्तम, नाही तर बेरियमच्या तपासणीत किंवा सीटी स्कॅनमध्ये रचना कळते. या वयात आतडं पूर्ववत जोडायचं की नाही हा मोठा निर्णय आहे, व्रण किती आहेत आणि त्यांची तब्येत किती साथ देईल हे पाहूनच तो घेतील. तोवर पोट फुगत असेल तर जंतूंसाठी अँटिबायोटिकच्या कोर्सबद्दल विचारा, आणि त्यांच्या ताटात रोज किती ग्रॅम प्रथिनं जातात ते आठवडाभर लिहून काढून यकृततज्ज्ञाकडे जाताना तो कागद सोबत न्या.